बाईंची निळी मस्टँग

तारीख १५ एप्रिल १९६४. आपल्याकडे जयंतीच्या दुसऱ्या दिवशी मंडप उतरवायचा आणि वर्गणीचा हिशेब जुळवायचा असतो. त्याच दिवशी तिकडे अमेरिकेत, शिकागो शहरात, बावीस वर्षांची एक मुलगी आईवडिलांना घेऊन फोर्ड मोटारीच्या दुकानात शिरली. तिचे नाव गेल ब्राऊन. शिक्षिकेची नोकरी नुकतीच मिळालेली, तिसरीचा वर्ग शिकवायचा होता. शाळेत जायला गाडी हवी होती. अट एकच, छप्पर उघडता येणारी गाडी पाहिजे, कारण वडिलांकडे तशाच गाड्या असत.

दुकानात पुढे मांडलेल्या गाड्यांत तशी एकही नव्हती. मुलीचा हिरमोड झालेला पाहून विक्रेता तिला मागच्या खोलीत घेऊन गेला. तिथे ताडपत्रीखाली काहीतरी झाकून ठेवले होते. ताडपत्री ओढली, तर खाली आभाळी निळ्या रंगाची, पांढऱ्या कापडी छपराची नवी कोरी मोटार! ती मस्टँग होती. मस्टँग म्हणजे अमेरिकेच्या माळरानावरचा रानघोडा. ही गाडी १७ एप्रिलला न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात जाहीर व्हायची होती आणि त्याआधी ती विकायची नाही असा हुकूम होता. विक्रेत्याने हुकूम बाजूला ठेवला. मुलीनेही गाडी चालवून पाहिली नाही, तिथल्या तिथे घेतली. (निळा रंग तिने काही आपल्यासाठी निवडला नव्हता, पण आपल्या वाचकांना तो आवडेल.)

किंमत सुमारे ३,४०० डॉलर आणि बाईंचा वर्षाचा पगार सुमारे ५,००० डॉलर. म्हणजे आठ महिन्यांचा पगार एका गाडीत! पैसे आईवडिलांनी उसने दिले. यात आणखी एक गोष्ट आहे. त्या काळी अमेरिकेतही बाईमाणसाला स्वतःच्या सहीवर कर्ज मिळणे सोपे नव्हते. बँका नवऱ्याची नाहीतर बापाची सही मागत. कर्ज देताना बाई म्हणून भेदभाव करायचा नाही, असा कायदा तिथे व्हायला १९७४ साल उजाडले. स्त्रीच्या हक्कासाठी हिंदू कोड बिलावर बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या सहीची किंमत वेगळी सांगायला नको.

गाडी घेऊन ती रस्त्यावर आली तेव्हा लोक वळून पाहत, हात हलवत. अशी गाडी कोणी पाहिलेलीच नव्हती. शाळेत मोठ्या वर्गातली मुले गाडीभोवती घोटाळत राहत. दोन दिवसांनी विक्री सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी देशभरातून २२,००० मागण्या आल्या. वर्षभरात चार लाखांवर गाड्या खपल्या. खरे दर्दी लोक मस्टँगला स्पोर्ट्स कार म्हणायला तयार नसतात. त्यांचे म्हणणे, आतून ती फोर्डची साधी घरगुती फाल्कन गाडीच, वरून फक्त रूप बदललेले. त्यात तथ्य आहे. पण त्यामुळेच ती स्वस्त पडली आणि नोकरदार माणसाच्या हाताला लागली.

ही गाडी घडवली कोणी, हेही विचारले पाहिजे. ती डिअरबॉर्न येथे फोर्डच्या रूज कारखान्यात तयार झाली. त्या कारखान्यात हजारो काळे कामगार होते. ओतकामाच्या भट्टीसारखी अंग भाजणारी कामे बरीचशी त्यांच्याच वाट्याला येत. नोकरीत वंशभेद करायला बंदी घालणाऱ्या कायद्यावर सही झाली ती २ जुलै १९६४ रोजी, म्हणजे ही गाडी विकली गेल्यावर अडीच महिन्यांनी. आणि ज्या शिकागोत ही मोटार दिमाखात फिरत होती, त्याच शिकागोत काळ्या माणसाला गोऱ्यांच्या वस्तीत घर मिळत नव्हते. त्यासाठी १९६६ साली डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांनी मोर्चे काढले. त्या मोर्चात त्यांना दगड लागला. यात बाईंचा काही दोष नाही. पण गाडीची गोष्ट सांगायची तर ती ज्या हातांनी घडवली त्यांनाही त्यात जागा हवी.

पुढे गेल ब्राऊन यांचे टॉम वाईज यांच्याशी लग्न झाले, त्या गेल वाईज झाल्या. चार मुले झाली. नव्या नवलाईची गाडी घरची गाडी बनली. मुलांना ने-आण, बाजारहाट, सगळे तिच्यावरच. शिकागोचा हिवाळा मोठा कडक. रस्त्यावरचे बर्फ वितळावे म्हणून तिथे मीठ टाकतात. हे मीठ गाडीला खाते. मस्टँगला वेगळी चौकट नाही, अंगाचा पत्राच सगळा भार पेलतो. त्यामुळे पत्रा कुजला की गाडीचा कणाच गेला. शिवाय पुढच्या काचेखाली हवेच्या जाळीतून पाणी आत शिरते, तिथे साचते आणि आतून पत्रा पोखरते. वरून गाडी चकचकीत दिसते, पायाखालचा गालिचा उचलावा तर रस्ता दिसतो. बाईंच्या गाडीचेही पुढचे मडगार्ड आणि तळ गंजून गेले. १९७९ साली टॉम यांनी ती ढकलत गॅरेजात नेली. पुढच्या आठवड्यात बघू, असे ठरले.

तो पुढचा आठवडा यायला सत्तावीस वर्षे लागली!

यावर हसण्यासारखे काही नाही. पोरांची शिक्षणे, घराचा खर्च, रोजची नोकरी यांच्यापुढे बंद गाडीचा नंबर कधी लागणार? आपल्या चाळीतही पोटमाळ्यावर शिवणयंत्र, जिन्याखाली वडिलांची सायकल अशीच 'पुढच्या आठवड्याची' वाट पाहत असते. २००५च्या सुमारास बाई कंटाळल्या. गाडी काढून टाकू म्हणाल्या. टॉम म्हणाले, थांब, निवृत्तीनंतरचे माझे काम तेच आहे.

आणि त्यांनी शब्द पाळला. इतकी वर्षे उभी राहिलेली गाडी म्हणजे नुसते डेंटिंग-पेंटिंग नव्हे. टाकीतल्या पेट्रोलचा डिंक होतो, तो कार्बुरेटरची बारीक भोके बुजवतो. ब्रेकचे सिलिंडर जाम होतात. रबर कडक होऊन तडकते. कुजलेला पत्रा नेमका कुठवर कापायचा हे हाताने ठोकून, आवाज ऐकूनच कळते. कापण्याआधी अंगाला आधार दिला नाही तर गाडी मधून वाकते आणि मग दारे बसत नाहीत. आपल्या रेल्वे वर्कशॉपमधल्या कोणाही फिटरला हे सांगावे लागणार नाही. एक गोष्ट मात्र टॉम यांच्या सोयीची होती. मस्टँग लाखोंनी खपल्यामुळे तिचे सुटे भाग आजही नवे बनवून मिळतात. खर्च तरीही ३५,००० डॉलरच्या घरात गेला, म्हणजे मूळ किमतीच्या दहापट.

याच सुमारास टॉम यांनी इंटरनेटवर एक दावा वाचला. पहिली मस्टँग आपण विकत घेतली, असे कोणी एक गृहस्थ सांगत होते. त्यांची तारीख बाईंच्या तारखेनंतर एक दिवसाची! आता बाईंना आपली तारीख आठवते, हे खरे. पण नुसत्या आठवणीवर कोण विश्वास ठेवणार? बाईंकडे मात्र त्या दिवसाची खरेदीची पावती होती. चाळीस वर्षांपूर्वीची, सांभाळून ठेवलेली. गाडीवर कोरलेला नंबरही साक्षीला होता. त्यातील ५ हा आकडा १९६५च्या मॉडेलचा, एफ हे अक्षर डिअरबॉर्न कारखान्याचे, ०८ म्हणजे उघड्या छपराची बांधणी आणि पुढचा एफ म्हणजे आठ सिलिंडरचे २६० घनइंचाचे इंजिन. कागद आणि पत्रा एकच गोष्ट बोलत होते. अमेरिकेत विकली गेलेली पहिली मस्टँग ती हीच, हे फोर्ड कंपनीनेही मान्य केले.

पावती नसती तर? गिरणी बंद पडल्यावर घरासाठी अर्ज करताना ज्यांच्याकडे तिकीट नंबरचा कागद निघाला आणि ज्यांच्याकडे निघाला नाही, त्या दोन्ही घरांना हे चांगले कळेल.

येथे एक गंमत सांगितली पाहिजे. क्रमांक एकची मस्टँग बाईंची नव्हेच. ती कॅनडात न्यूफाउंडलंडला पोचली होती आणि कॅप्टन स्टॅन्ली टकर नावाच्या वैमानिकाने घेतली. कंपनीला ती परत हवी होती. अखेर टकर यांनी नवी मस्टँग घेऊन पहिली परत केली. ती आता डिअरबॉर्नच्या संग्रहालयात दोरीपलीकडे उभी आहे, तिला कोणी चालवत नाही.

बाईंची गाडी मात्र घरीच राहिली. २०१४ साली मस्टँगला पन्नास वर्षे झाली तेव्हा ठिकठिकाणी तिला बोलावणे आले, वर्तमानपत्रांत फोटो आले. तिची किंमत साडेतीन-चार लाख डॉलर होईल, असे अंदाजही लोकांनी केले. जी गाडी काढून टाकायला निघाल्या होत्या ती हीच! छप्पर उघडून चालवायला बसले की आपण पुन्हा बावीस वर्षांच्या होतो, असे बाई भेटणाऱ्यांना सांगत. लोक पुन्हा वळून पाहत होते, हात हलवत होते. शेजारच्या आसनावर, पुढच्या आठवड्यात बघू म्हणणारे टॉम बसलेले असत.