शेतातल्या एका खोलीचा हिशेब

आपल्या वसतिगृहाच्या भोजनगृहात ज्यांनी अनेक वर्षे आम्हा मुलांना वाढले, त्या मावशींना निवृत्तीनंतर स्वतःच्या दोन एकरांत राहावयाचे होते. शेत विदर्भातले, कोरडवाहू, गावापासून दोन किलोमीटर आत. विजेचा खांब तिथवर गेलेला नाही. मांडीचे हाड मोडल्यापासून मावशी चाकांच्या खुर्चीवर असतात. कुबडीच्या आधाराने चार पावले टाकतात, तेवढीच. पुतण्याचे घर शेजारच्या शेतात असल्याने सोबतीचा प्रश्न नव्हता. प्रश्न होता रात्रीच्या उजेडाचा, पाण्याचा, वैशाखातल्या तापलेल्या भिंतींचा आणि कोणी उचलून नेल्याशिवाय अंगणात येता येण्याचा. आम्ही काही माजी विद्यार्थ्यांनी त्यांच्यासाठी खोली बांधण्याचे ठरविले. अशा वस्तीवर घर बांधू इच्छिणाऱ्या इतरांनाही उपयोगी पडेल, म्हणून तो सारा हिशेब येथे मांडीत आहोत.

आरंभीच आमची चूक झाली. आम्ही पहिली चौकशी केली ती पॅनेलची. एका विक्रेत्याने एक किलोवॅटची यंत्रणा आणि मोठा इन्व्हर्टर सुचविला. आम्ही तो जवळजवळ मान्यही केला होता. मावशींना दिवे किती लागतात, हे तोवर कोणी विचारलेच नव्हते. आधी माणूस, मग घर, मग विजेची गरज आणि सर्वांत शेवटी पॅनेल, हा क्रम आम्हांला त्या चुकीनंतर सुचला.

विनयपिटकात भिक्षूने स्वतःसाठी बांधावयाच्या कुटीचे माप ठरवून दिले आहे: सुगतांच्या वितीने बारा वीत लांबी आणि सात वीत रुंदी. आळवीच्या भिक्षूंनी कुटी बांधण्यासाठी लोकांकडे सारख्या मागण्या चालविल्या, लोक त्यांना पाहून वाट बदलू लागले, तेव्हा हा नियम झाला. वर्गणी गोळा करणाऱ्या आम्हांला ही कथा आठवत राहिली. त्याच नियमात जागा निर्धोक असावी आणि कुटीभोवती जुंपलेली गाडी फिरेल इतकी मोकळीक असावी, असेही सांगितले आहे. आम्ही गाडीच्या जागी चाकांची खुर्ची धरली आणि खोलीभोवती सव्वा मीटरची फरसबंद वाट आखली.

खोली आतून ४.२ मीटर लांब आणि ३.३ मीटर रुंद ठेवली. खुर्ची जागच्या जागी वळावयाची तर दीड मीटर व्यासाचे वर्तुळ मोकळे लागते. खाट, कपाट आणि ओटा कोठे येणार हे आम्ही आधी चुन्याने जमिनीवर आखले आणि त्या आखणीत मावशींनी खुर्ची फिरवून पाहिली. कागदावर उत्तम वाटलेली ओट्याची जागा त्या पाच मिनिटांत बदलावी लागली. दाराची मोकळी रुंदी ९० सेंटिमीटर. उंबरठा नाही. याला मिस्त्री सहज तयार झाले नाहीत. घराला उंबरठा नसावा ही कल्पना त्यांना अशुभच वाटली. अखेर पावसाचे पाणी आत येऊ नये म्हणून दारापुढे जाळीची नाली केली आणि वाद मिटला. शौचालय खोलीला लागूनच आहे आणि त्याचे दार बाहेर उघडते. आत उघडणाऱ्या दाराआड माणूस पडला तर ते दार बाहेरून ढकलता येत नाही, एवढे एक कारण पुरेसे आहे.

उतरंडीचा नियम साधा आहे: एक भाग उंचीला बारा भाग लांबी. जोते ४५ सेंटिमीटर उंच केले तर उतार ५.४ मीटर लांब होतो. ३० सेंटिमीटरला ३.६ मीटर पुरतात. म्हणून शेतातली मुळातच उंचवट्याची जागा निवडली आणि जोते ३० वर ठेवले. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पाया मुरुमापर्यंत नेला नाही तर भिंतींना तडे जातात आणि उतार जोत्यापासून सुटतो. येथे काटकसर करू नये. हा सगळा उतार, रुंद दार, शौचालयातले आधाराचे दांडे हे नकाशातच असतील तर त्यांचा खर्च फारसा जाणवत नाही. घर झाल्यावर तेच करावयाचे म्हणजे भिंत फोडणे आले.

उन्हाचे काम विजेआधी भिंतींनी करावयाचे असते. खोलीची लांबी पूर्व-पश्चिम ठेवली, म्हणजे लांब भिंती दक्षिणोत्तर येतात आणि पश्चिमेच्या उन्हाला तोंड देणारी भिंत आखूड राहते. त्या बाजूला ओसरी काढली. विटा उभ्या लावून मधे पोकळी सोडण्याची जी पद्धत लॉरी बेकर यांनी केरळात रुजविली, तीत सुमारे पाव विटा वाचतात आणि पोकळीतली हवा उष्णता अडविते. छपराला कवेलू हवे होते, पण वानरांपुढे कवेलू टिकत नाही. शेवटी पत्रा घातला, त्यावर पांढरा चुना दिला आणि खाली हातभर अंतरावर बांबूच्या तट्ट्याचे छत केले. वरची तापलेली हवा दोन्ही टोकांच्या जाळीतून निघून जाते.

आता विजेचा हिशेब. ९ वॅटचे चार दिवे, सरासरी चार तास: १४४ वॅट-तास. ३० वॅटचा बीएलडीसी पंखा, चौदा तास: ४२०. रात्रभर जळणारा ५ वॅटचा अंगणातला दिवा: ५०. टाकीत पाणी चढविणारा ६० वॅटचा लहान पंप, अर्धा तास: ३०. दोन फोन: ३०. एकूण ६७४, आपण ७०० धरू. पंखा जुन्या पद्धतीचा, ७५ वॅटचा घेतला असता तर एकट्या पंख्याला १,०५० लागले असते आणि पॅनेल, बॅटरी, सारेच जवळजवळ दुप्पट करावे लागले असते. पंख्यावरचे थोडे अधिक पैसे बॅटरीवरचे पुष्कळ पैसे वाचवितात.

इन्व्हर्टर आम्ही घेतलाच नाही. दिवे, पंखा, पंप ही सर्व साधने १२ व्होल्टवर चालणारी मिळतात. इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी स्वतःसाठी वीज खातो. १५ वॅट धरले तर दिवसाला ३६० वॅट-तास होतात. म्हणजे आपल्या साऱ्या गरजेच्या निम्म्याहून अधिक.

ढगाळ हवेत दोन दिवस निभावे म्हणून साठा १,४०० वॅट-तासांचा हवा. शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याहून खाली उतरविली तर लवकर निकामी होते. त्यामुळे २,८०० ची घ्यावी लागते. ती जड असते, तिच्यात वेळोवेळी शुद्ध पाणी भरावे लागते आणि चार्ज होताना ती ज्वालाग्राही वायू सोडते. खुर्चीवरच्या माणसाने हे सांभाळावे अशी अपेक्षा ठेवणे योग्य नव्हे. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी ८० टक्के वापरता येते. १२.८ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची एक बॅटरी १,९२० वॅट-तासांची होते आणि त्यातले १,५३६ हाती येतात. पहिला खर्च अधिक, पण ती दोन-तीन हजार वेळा भरता-उतरविता येते. तिला ऊन मात्र सोसत नाही. आमची बॅटरी उत्तरेच्या भिंतीला, सावलीत, हवेशीर पेटीत आहे.

पॅनेलची बेरीज पावसाळा धरून करावी. विदर्भात उन्हाळ्यात दिवसाला साडेपाच-सहा तासांचे पुरे ऊन मिळते, पण आम्ही तीनच तास धरले आणि तारा, उष्णता, धूळ यांत तीस टक्के गमावले असे मानले. ७०० ला २.१ ने भागले की ३३३ वॅट येतात. आम्ही २०० वॅटची दोन पॅनेले घेतली. एक बिघडले तरी दिवे चालू राहतात. तोंड दक्षिणेला, कल सुमारे २१ अंश, म्हणजे तिथल्या अक्षांशाइतका. ती छपरावर बसविली नाहीत. जमिनीवरच्या लोखंडी घोडीवर, खालची कड ७५ सेंटिमीटरवर आहे. मावशी सकाळी, काच गार असताना, लांब दांड्याच्या फडक्याने ती स्वतः पुसतात. छपरावर असती तर दर आठवड्याला पुतण्याची वाट पाहावी लागली असती, आणि धूळ कोणाची वाट पाहत नाही. चोरीच्या भीतीने नटबोल्टांना वेल्डिंग केले आहे.

बाकी थोडक्यात: १२ व्होल्टवर प्रवाह मोठा असतो, ३६० वॅटला ३० अँपिअर, म्हणून बॅटरीच्या तारा आखूड आणि जाड हव्यात, फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, लोखंडी घोडीला अर्थिंग. दिव्याचे एक बटण खाटेवरून हात पुरेल असे. स्वयंपाक गॅसवर, शेगडीला ही यंत्रणा पुरत नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगावयास हवी. औषधासाठी लहान फ्रिज लागत असेल तर तो पहिल्याच बेरजेत धरावा. तो एकटा जवळजवळ या साऱ्याइतकी वीज घेतो. आणि ज्यांना घरी ऑक्सिजनचे यंत्र लावावे लागते, ते ३०० वॅटच्या पुढचे असते आणि अखंड चालते. अशा माणसाला इतक्या लहान यंत्रणेच्या भरवशावर शेतात ठेवू नये. मावशींच्या डॉक्टरांना आम्ही हे आधीच विचारून घेतले होते.

पंखा वगळला तर दिवसाची गरज २५४ वॅट-तासांवर येते आणि भरलेली बॅटरी सूर्य न दिसताही सहा दिवस पुरते. मागच्या श्रावणात झड लागली, तेव्हा तिसऱ्या दिवशी मावशींनी पंखा बंद केला. हवा गारच होती. गावातली वीज गेलेली होती म्हणून पुतण्याच्या घरचे दोन फोनही त्यांनी आपल्याकडे चार्ज करून दिले.