बारावीनंतर ऑप्टोमेट्री : तयारी कशी करावी?



बारावीचा निकाल लागला की घरोघरी एकच प्रश्न, "पोराले आता कोठी टाकावं?" डॉक्टरकीला नंबर लागला नाही की सारे घर हिरमुसते. आपल्या अंजनगाव सुर्जी भागातील मुलामुलींना आणखी एक वाट ठाऊक असावी, म्हणून आम्ही ऑप्टोमेट्रीची, म्हणजे दृष्टितपासणीच्या पदवीची, माहिती देत आहोत.

ऑप्टोमेट्रिस्ट हा डोळ्याचा सर्जन नव्हे आणि नुसता चष्मेवालाही नव्हे. चष्म्याचा नंबर काढणे, लहान मुलांचा तिरळेपणा व आळशी डोळा ओळखणे, कॉन्टॅक्ट लेन्स बसविणे, मोतीबिंदू किंवा काचबिंदूची शंका येताच नेत्रतज्ज्ञाकडे पाठविणे, हे त्याचे काम. ऑपरेशन तो करीत नाही.

या कामाचे मोल ऊसवाल्याला सांगायला नको. उसाचे धारदार पाते लागले की बुबुळावर ओरखडा पडतो. त्यात बुरशी शिरली तर जखम चिघळते व डोळ्यात फूल पडते. कोणी दुकानातून स्टिरॉइडचे थेंब आणून घातले, तर बुरशी जास्तच फोफावते. जाणता ऑप्टोमेट्रिस्ट यंत्राखाली ओरखडा पाहून रुग्णाला त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे धाडतो. उशीर झाला तर नजर जाऊ शकते.

तयारी अकरावीपासूनच हवी. विज्ञान शाखा घ्यावी. भौतिकशास्त्रातला प्रकाशाचा धडा पाठ करून भागत नाही, तो समजला पाहिजे. घरी एक प्रयोग करा. आजोबांचा जवळचे वाचायचा, अधिक दोन नंबरचा चष्मा घ्या. त्याच्या काचेतून दूरच्या झाडाचे उलटे चित्र अंधाऱ्या खोलीतल्या भिंतीवर पाडा. काच भिंतीपासून अर्ध्या मीटरवर आली की चित्र स्पष्ट होईल. अधिक एक नंबर असेल तर अंतर एक मीटर. एक मीटरला अंतराने भागले की नंबर निघतो, हाच डायोप्टर. मात्र काच सूर्याकडे धरून तिच्यातून पाहू नये.

जीवशास्त्रात डोळ्याची रचना आकृतीसह काढता यावी. पदवीची पुस्तके इंग्रजीत असतात, म्हणून रोज दोन पाने इंग्रजी वाचावे. बोलणे मात्र मायबोलीत गोड हवे, म्हातारीला "हे बरं दिसते का ते?" असे दहादा न कंटाळता विचारावे लागते.

अमेरिकेत आधी कॉलेजची काही वर्षे, बहुधा पदवीच, आणि मग चार वर्षे हे शिक्षण असते. आपल्याकडे बारावीनंतर थेट प्रवेश मिळतो. आजवर बहुतेक ठिकाणी तीन वर्षे वर्ग व एक वर्ष प्रत्यक्ष रुग्णांवर काम, अशी रीत राहिली आहे. पुण्याला भारती विद्यापीठात व मुंबईला लोटस कॉलेजात हा विषय शिकवितात. चेन्नईला शंकर नेत्रालयाचे एलिट स्कूल 1985 साली सुरू झाले.

आता महत्त्वाचे. ऊसबिलाचा हप्ता फीमध्ये घालण्यापूर्वी चार गोष्टी विचारा. पदवी कोणत्या विद्यापीठाची? कॉलेजला जोडलेले नेत्र रुग्णालय आहे काय? विद्यार्थी स्वतःच्या हाताने किती रुग्ण तपासतो? आणि 2021 च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे त्या पदवीवर नोंदणी होईल काय? या कायद्याने ऑप्टोमेट्रिस्टला आरोग्य व्यावसायिकांत स्थान दिले आहे. सहा महिन्यांच्या प्रमाणपत्राला पदवी म्हणून कोणी गळ्यात मारीत असेल तर फसू नका. प्रवेशाचे नियम त्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच पाहावेत, ऐकीव गोष्टीवर जाऊ नये.

बेणे निवडताना आपण डोळा अन् डोळा पारखतो. पोरांचे कॉलेज निवडतानाही तितकेच पारखून घ्यावे, एवढीच आमची विनंती.