साबुदाण्याच्या कंदाचा इवलासा राखणदार

साबुदाण्याची खीर आणि उन्हाळ्यातल्या पापड्या आपल्या घरांना नवीन नाहीत. पण साबुदाणा हे धान्य नव्हे, हे मुलांना सांगितले की ती चकित होतात. कसावा नावाच्या कंदाच्या सत्त्वापासून तो तयार होतो. आपल्याकडचा बराचसा साबुदाणा तमिळनाडूतील सेलम भागातून येतो.

हा कंद मूळचा दक्षिण अमेरिकेचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तो आफ्रिकेत नेला. आज तिथल्या कोट्यवधी घरांत त्याला आपल्या भाकरीचे स्थान आहे. नायजेरियात कंद किसून, आंबवून, भाजून ‘गारी’ करतात. काँगोत पानांची भाजी होते.

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला काँगोच्या शेतांत कसाव्याचे शेंडे आखडू लागले. कारण होते पिठ्या ढेकूण. पांढऱ्या मेणचट आवरणातली ही कीड कोवळ्या शेंड्यांचा रस शोषते. या जातीत नर नसतात. एकटी मादी शेकडो अंडी घालते. पाहता पाहता सेनेगलपासून मोझांबिकपर्यंत कीड पसरली. काही ठिकाणी तर ८० टक्क्यांपर्यंत पीक बुडाले. महागडे औषध गरीब शेतकऱ्याच्या आवाक्यात नव्हते. शिवाय ज्या पानांची भाजी खायची, त्यांवर विष फवारायचे कसे?

नायजेरियातील इबादान येथील आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय कृषी संस्थेत हान्स हेरेन हे स्विस शास्त्रज्ञ काम करत होते. त्यांचा विचार साधा होता. कीड दक्षिण अमेरिकेतून आली, पण तिचे शत्रू तिकडेच राहिले. मग ते शोधून आणले तर? शोध सोपा नव्हता. आधी सापडलेली कीड दिसायला सारखी, पण वेगळ्या जातीची निघाली. अखेर १९८१ मध्ये अँथनी बेलोटी यांना पॅराग्वेत खरी कीड सापडली आणि तिच्यावर जगणारी ‘अनागायरस लोपेझी’ ही जेमतेम दोन मिलिमीटरची गांधीलमाशीही मिळाली.

ही माशी ढेकणाच्या शरीरात अंडे घालते. अळी त्याला आतून खाते, ढेकूण वाळून कवच उरते आणि त्यातून नवी माशी बाहेर पडते. माणसांना ती चावत नाही. तरीही तिला थेट शेतात सोडले नाही. आधी इंग्लंडमध्ये बंदिस्त ठेवून तपासले, मग १९८१च्या अखेरीस नायजेरियात सोडले. पुढे विमानांतूनही माश्या सोडण्यात आल्या. पंचवीसहून अधिक देशांत ती रुजली आणि कीड आटोक्यात आली. शेतकऱ्याला यासाठी एक पैसाही द्यावा लागला नाही. १९९५ मध्ये हेरेन यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

हीच कीड २०२० मध्ये केरळात आढळली आणि पुढे तमिळनाडूतही पोहोचली. तेव्हा बेंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोने आफ्रिकेतील बेनिनमधून हीच माशी मागवली आणि २०२२ मध्ये ती सेलम जिल्ह्यात सोडली.

कुदरतीने प्रत्येक किडीला लगाम ठेवला आहे; सरसकट फवारणीत तो लगामच आपण तोडतो. आपल्या अंगणातल्या जास्वंदीवरही पिठ्या ढेकणाची दुसरी जात येते. तिथे पांढऱ्या, झालरीदार, भरभर चालणाऱ्या अळ्या दिसल्या तर हात आवरा. त्या बहुधा क्रिप्टोलीमस भुंगेऱ्याच्या असतात. रूप ढेकणासारखे असले तरी त्या ढेकणांनाच खातात. मुलांना भिंग देऊन हे दाखवा. फवारा उचलण्यापूर्वी कोण शत्रू आणि कोण दोस्त, हे ओळखायला ती नक्की शिकतील.