जळाल्यानंतर काय उगवते?

२०२३ च्या मे ते सप्टेंबर या काळात कॅनडातील सुमारे दीड कोटी हेक्टर जंगल जळाले. महाराष्ट्राचे क्षेत्रफळ तीन कोटी हेक्टरांहून थोडेच अधिक आहे, त्यावरून या आगींचा आवाका ध्यानात यावा. जूनमध्ये त्यांच्या धुराने न्यूयॉर्कचे आकाश नारिंगी झाले. ऑगस्टमध्ये यलोनाइफ शहर रिकामे करावे लागले. सुमारे वीस हजार माणसांना घरे सोडावी लागली. त्या पाच महिन्यांत सुमारे ६५ कोटी टन कार्बन हवेत गेला. खनिज इंधने जाळून वर्षभरात याहून अधिक कार्बन सोडणारे देश जगात तीनच आहेत: चीन, अमेरिका आणि भारत.

बातम्यांत आगीचे मोजमाप हेक्टरांत होते. या जंगलांवरचे संशोधन वाचू लागलो, तेव्हा तिथल्या अभ्यासकांना दुसरेच दोन प्रश्न अधिक महत्त्वाचे वाटतात असे मला दिसले. आग जमिनीत किती खोल गेली? आणि तिथे आता काय उगवेल? हवामान बदलत असताना हे जंगल कसे सांभाळायचे, हे या प्रश्नांच्या उत्तरांवर ठरणार आहे.

अलास्कापासून कॅनडा, स्कँडिनेव्हिया आणि सायबेरियापर्यंत पृथ्वीला वेढणारा हा सूचिपर्णी जंगलांचा पट्टा म्हणजे बोरियल जंगल. रशियातील त्याचे नाव तैगा. जगातील एकूण जंगलांपैकी जवळजवळ एक तृतीयांश जंगल या पट्ट्यात आहे. झाडांच्या जाती मात्र मोजक्या: स्प्रूस, पाइन, फर, लार्च आणि पानझडी वृक्षांपैकी अस्पेन व बर्च. हा बर्च म्हणजे आपल्या हिमालयातल्या भूर्जवृक्षाचा भाऊबंद. उष्ण प्रदेशातील वर्षावनात कार्बनचा मोठा साठा उभ्या झाडांत असतो, इथे तो पायाखाली असतो. थंडी आणि ओल यांमुळे गळलेली पाने व मेलेले शेवाळ नीट कुजत नाही. थरावर थर साचत जातो. अनेक ठिकाणी त्याखालची जमीन बारमाही गोठलेली असते.

आग या जंगलाला नवी नाही. आपल्याकडे वणवा बहुधा माणसाने लावलेला असतो. उत्तरेकडच्या या दुर्गम भागांत मोठ्या आगी मुख्यतः विजा पडून लागतात. ब्लॅक स्प्रूसची शंकूसारखी फळे शेंड्याजवळ दाटीने असतात आणि राळेमुळे बरीचशी मिटलेली राहतात. आगीच्या धगीने राळ वितळते, फळे उघडतात आणि काळवंडलेल्या जमिनीवर बी पडते. आग शंभरेक वर्षांनी यायची, शेवाळाचा वरचा थर जाळायची, आणि त्या जागी पुन्हा स्प्रूसच उभा राहायचा. कित्येक हजार वर्षे हे चक्र चालत आले.

२००४ साली अलास्कात सुमारे २७ लाख हेक्टर जंगल जळाले. तिथल्या नोंदींतले ते सर्वांत मोठे वर्ष. त्यानंतर जिल जॉनस्टोन, मिशेल मॅक आणि त्यांचे सहकारी त्या राखेत मोजमापे घेऊ लागले. जो थर जळून गेला, त्याची जाडी मोजायची कशी? ब्लॅक स्प्रूसभोवती शेवाळ वाढत जाते, तसतशी त्याच्या खोडाला वरच्या बाजूस नवी मुळे फुटतात. आगीनंतर शेवाळ नाहीसे होते आणि ही मुळे उघडी पडतात. त्यांच्यापासून खालच्या जमिनीपर्यंतचे अंतर मोजले की आग किती खोल गेली याचा अंदाज येतो.

या मोजणीतून दिसले ते असे. जिथे थर बऱ्यापैकी शिल्लक होता, तिथे स्प्रूस परतला. जिथे आग खालच्या मातीला भिडली, तिथे अस्पेन आणि बर्च यांनी जम बसवला. त्यांचे बी इतके बारीक असते, की जाड, कोरड्या शेवाळात रोप तग धरत नाही. उघडी माती मिळाली की मात्र ते स्प्रूसला मागे टाकते. उन्हाळे अधिक तापू लागले, थर खोलवर सुकू लागला, म्हणून हजारो वर्षांचे चक्र एका आगीत मोडू शकते.

हे वाईटच म्हणायचे का? २०२१ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात मॅक आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, स्प्रूस जाऊन पानझडी झाडे आली तिथे कार्बन इतक्या वेगाने साठतो, की आगीत गेलेला तर भरून निघतोच, वर शिल्लक पडते. शिवाय या झाडांची पाने ओलसर असल्याने ती सहज पेटत नाहीत. हिवाळ्यात पाने झडली की खालचे बर्फ सूर्यप्रकाश परत फेकते. पण दुसरी बाजूही आहे. पालापाचोळ्याखाली शेवाळ दबते, आणि गोठलेल्या जमिनीवरचे पांघरूण जाते. जुन्या सूचिपर्णी जंगलातील दगडफुलावर हिवाळा काढणाऱ्या कॅरिबूंचा चाराही जातो.

अधिक चिंतेची गोष्ट झँथी वॉकर आणि सहकाऱ्यांच्या २०१९ च्या अभ्यासात आहे. कॅनडाच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीजमध्ये २०१४ साली मोठ्या आगी लागल्या होत्या. तिथल्या मातीतील कार्बनचे वय त्यांनी काढले. जुन्या जंगलांत मागच्या अनेक आगींतून वाचलेला कार्बन बहुतांशी सुरक्षित होता. पण जिथे आधीची आग साठ वर्षांच्या आत लागलेली होती, अशा कोरड्या ठिकाणी तोही जळाला. आजवर आग व्याज खात होती. आता ती मुद्दलाला हात घालू लागली आहे.

मग व्यवस्थापनाने काय करावे? अलास्कात जमिनीचे चार वर्ग केलेले आहेत. वस्तीजवळची आग तात्काळ विझवायची, दूरच्या आगीवर बहुधा नुसती नजर ठेवायची. आग नैसर्गिक आहे आणि विझवण्याचा खर्च अफाट, या विचाराला धरून ते योग्यच होते. आता युकॉन फ्लॅट्स या वन्यजीव आश्रयाच्या काही भागात जमिनीतला कार्बन वाचवण्यासाठीही आग लवकर विझवण्याचा प्रयोग सुरू झाला आहे. पण दरवेळी विझवत गेले, तर पेटण्याजोगे जंगल साचत जाते, हा अनुभवही जुनाच.

दुसरा मार्ग झाडांच्या निवडीचा. लाकूड उद्योगाला सूचिपर्णी झाडे हवी असल्याने कॅनडात लागवडीतला अस्पेन अनेक दशके तण समजून तणनाशकाने मारला गेला. क्वेबेकने सरकारी जंगलांत ही फवारणी २००१ पासून थांबवली. आज वस्त्यांभोवती सूचिपर्णी झाडे विरळ करून पानझडी झाडे राखण्याचा सल्ला तिथे दिला जातो. आपले वनखाते जाळरेषा काढते, तशी ही जिवंत, हिरवी जाळरेषा. ब्रिटिश कोलंबियाने २०१८ पासून बियाणे निवडताना त्या जागेच्या येऊ घातलेल्या हवामानाचा हिशेब धरायला सुरुवात केली आहे.

तिसरा मार्ग सर्वांत जुना आहे. उत्तर अल्बर्टातील क्री आणि डेने लोक वसंतात, झाडीत बर्फ शिल्लक असतानाच, कुरणे आणि ओढ्यांचे काठ जाळत. आग जंगलात शिरत नसे आणि उन्हाळ्यातल्या आगीला वाटेत अन्न उरत नसे. हेन्री लुईस या मानववंशशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात जाणत्यांकडून याची माहिती नोंदवली, तोवर सरकारी बंदीमुळे ही रीत जवळपास थांबली होती. आता कॅनडात अशा जाळण्याला पुन्हा वाव देण्याचे प्रयत्न चालू आहेत.

माझ्या मते या तिन्ही मार्गांमागे एकच अवघड कबुली आहे. जंगल जळले तरी होते तसेच परत येईल, या भरवशावर आता वनखात्याच्या योजना आखता येणार नाहीत. कुठे जुना थर वाचवायचा, कुठे अस्पेनला वाट द्यायची आणि कुठे आगीला जळू द्यायचे, हे जागेजागी ठरवावे लागेल. आज लावलेले रोप तोडणीला यायला साठ-सत्तर वर्षे लागतात. ज्या हवामानात ते मोठे होईल, ते आज तिथे नाही. तरीही रोप निवडायचे आहे, ते याच वर्षी.