माती, ऊन आणि भट्टी

उत्तर कोलकात्यात हुगळीच्या काठाजवळ कुमारटुली नावाची मूर्तिकारांची जुनी वस्ती आहे. बांबूचा सांगाडा, त्यावर पेंढ्याची बांधणी आणि वर मातीचे थर, अशा क्रमाने तेथे दुर्गेची मूर्ती घडते. ही मूर्ती भट्टीत जात नाही. ती उन्हावाऱ्यावर वाळते. वाळताना मातीतील मोकळे पाणी तेवढे निघून जाते. म्हणूनच विजयादशमीला नदीत सोडल्यावर तिची पुन्हा माती होते. तीच माती सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापविली, तर कणांत बद्ध असलेले पाणीही सुटते आणि माती कायमची बदलते. विष्णुपूरच्या श्यामराय मंदिरावरील भाजलेल्या मातीची शिल्पे १६४३ सालापासून बंगालचा पाऊस सोशीत उभी आहेत, ती यामुळेच.

अलीकडे घरोघरी दागिने व बाहुल्या करण्यासाठी जी ‘पॉलिमर क्ले’ वापरतात, तिचे मातीशी नाते नावापुरतेच आहे. पीव्हीसी या प्लॅस्टिकची बारीक पूड तेलकट द्रवात कालवून ती बनवितात. ती उन्हात वाळत नाही. योग्य उष्णता मिळताच द्रव कणांत शिरतो, कण फुगून एकमेकांत मिसळतात आणि निवल्यावर वस्तू टणक होते. त्यासाठी साधारणतः ११० ते १३० अंश पुरतात. नेमका आकडा वेष्टनावर असतो. उष्णता कमी पडली, तर वस्तू ठिसूळ राहते. ती फार वाढली, तर प्लॅस्टिक करपून हायड्रोजन क्लोराइड हा डोळ्यांना व घशाला झोंबणारा वायू सुटतो.

खरी मेख येथेच आहे. घरगुती विजेच्या भट्टीची कळ एक आकडा दाखविते आणि आत पुष्कळदा दुसराच असतो. म्हणून आत स्वतंत्र तापमापक ठेवावा, भट्टी आधी तापू द्यावी आणि वस्तू तापत्या कांबींपासून दूर ठेवावी. मायक्रोवेव्ह किंवा उघडी शेगडी वापरू नये. खिडक्या उघड्या असाव्यात, मुले लांब असावीत. उग्र वास येताच भट्टी बंद करून सर्वांनी खोलीबाहेर जावे. या कामाची भांडी पुन्हा स्वयंपाकात आणू नयेत.

एक गोष्ट मात्र भट्टीलाही साधत नाही. कुमारटुलीची मूर्ती पाण्याची होऊन जाते; ही नव्हे. म्हणून अशा वस्तूचे स्थान घरातील फळीवर आहे, नदीच्या पात्रात नाही.