हॉटेलचे पॉइंट म्हणजे पैसाच! नगरच्या छोट्या उद्योजकासाठी सरळ हिशोब



नागापूर एमआयडीसीत दोन साडूंचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. ओळखीचे आहेत, म्हणून नावं सांगत नाही. धाकटा वर्कशॉप सांभाळतो, थोरला ऑर्डरी आणतो. कधी चाकण, कधी मुंबईचं प्रदर्शन, वर्षातून एकदा दिल्ली. मुक्कामाचं बिल अर्थातच फर्मच्या खात्यातून.

तीन वर्षं असं चाललं. मग एका दिवाळीत थोरला बायको-मुलांना घेऊन गोव्याला गेला. चार रात्री, मोठं हॉटेल. फोटो स्टेटसला पडले आणि धाकट्याच्या घरी विषय निघाला, "पगार वाढवायला पैसे नाहीत म्हणता, मग हे कुठनं आलं?" थोरल्यानं सरळ सांगितलं, खोली फुकट होती, पॉइंटवर मिळाली. खोटं काहीच नव्हतं. पण ते पॉइंट जमले कुणाच्या पैशावर? इथं गाडी अडली. पुढं दोन महिने दोघं फक्त कामापुरतं बोलत होते.

आज भांडण मिटलंय. कसं मिटलं ते पुढं सांगतो. पण त्यातून एक गोष्ट डोक्यात पक्की करून घ्या. हॉटेलचे पॉइंट म्हणजे बक्षीस नाही. तुम्हीच भरलेल्या भाड्यातला तो उशिरा मिळणारा डिस्काउंट आहे. डिस्काउंट म्हटलं की तो मोजायचा, वेळेत वापरायचा आणि वहीत लिहायचा. या तीन गोष्टी जमल्या तर फायदा. नाही जमल्या तर हॉटेलवाल्याचा फायदा.

हॉटेल पॉइंट का देतं?

१९८१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सनं नेहमीच्या प्रवाशांना मैल द्यायला सुरुवात केली. दोन वर्षांत, १९८३ मध्ये, हॉलिडे इन आणि मॅरियट या हॉटेल कंपन्या त्याच वाटेनं गेल्या. कारण साधं आहे. रिकामी राहिलेली खोली उद्या विकता येत नाही. आज रात्रीची खोली आज गेली नाही तर तिची किंमत शून्य. आपल्या भाजी मार्केटमधल्या मेथीसारखंच. मग ती रिकामी खोली जुन्या गिऱ्हाईकाला "फुकट" दिली तर हॉटेलचं फारसं जात नाही, आणि गिऱ्हाईक मात्र बांधलं जातं.

दुसरं कारण कमिशन. तुम्ही बुकिंगच्या ॲपवरून खोली घेतली की हॉटेलला त्या ॲपला कमिशन द्यावं लागतं. थेट बुकिंग केलं की ते वाचतं. म्हणूनच मॅरियट, हिल्टन, आयएचजी, हयात, ॲकॉर या मोठ्या साखळ्यांमध्ये बाहेरच्या ॲपवरून घेतलेल्या खोलीला सहसा पॉइंट मिळत नाहीत. पॉइंट हवे असतील तर कंपनीच्या स्वतःच्या ॲपवर, वेबसाइटवर किंवा थेट हॉटेलकडे बुकिंग करायचं आणि आपला मेंबर नंबर द्यायचा. पहिली चूक लोक इथंच करतात.

पहिलं काम : एका पॉइंटची किंमत काढा

पॉइंटचे दोन प्रकार असतात.

पहिला प्रकार ठरलेल्या किमतीचा. टाटांच्या ताज, विवांता, जिंजर या हॉटेलांत न्यूकॉइन चालतात. एक न्यूकॉइन म्हणजे एक रुपया. नोव्होटेल आणि आयबिस ज्या ॲकॉर कंपनीची आहेत, तिथं २,००० पॉइंटला ४० युरोची सूट. इथं डोकं लावायचं कारण नाही. आज वापरा की पुढच्या महिन्यात, किंमत तीच.

दुसरा प्रकार बदलत्या किमतीचा. मॅरियट, हिल्टन, आयएचजी यात येतात. एका रात्रीला किती पॉइंट लागतील हे तारखेप्रमाणे आणि मागणीप्रमाणे बदलतं. इथं मात्र हिशोब करणाराच जिंकतो. सूत्र लिहून ठेवा :

पॉइंटची किंमत = त्या रात्रीचं टॅक्ससकट रोख भाडं ÷ लागणारे पॉइंट

उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत. पुण्यात आडवारी एक खोली ५,००० रुपयांना आहे. ५ टक्के जीएसटी धरून ५,२५०. तीच खोली पॉइंटवर १०,००० ला. म्हणजे एका पॉइंटला साडेबावन्न पैसे मिळाले. आता मोठ्या प्रदर्शनाच्या आठवड्यात त्याच खोलीचं भाडं चढून ११,००० झालं. १८ टक्के जीएसटी धरून १२,९८०. पॉइंट लागतात १५,०००. म्हणजे एका पॉइंटला साडेशहाऐंशी पैसे!

पॉइंट तेच, हॉटेल तेच, पण किंमत दीडपटीच्या वर गेली. म्हणून बदलत्या किमतीचे पॉइंट महागड्या रात्रीसाठी राखून ठेवायचे. स्वस्त रात्री रोख द्यायचं.

नगरच्या माणसाच्या महागड्या रात्री कुठल्या? गोरेगावला नेस्कोमध्ये मोठं प्रदर्शन असतं तेव्हा आसपासच्या खोल्या. दिल्लीत १४ ते २७ नोव्हेंबरला प्रगती मैदानावर भारत आंतरराष्ट्रीय व्यापार मेळा भरतो तेव्हा तिथल्या. तारखा आधीच जाहीर होतात. तुम्ही स्टॉल बुक करता त्याच दिवशी पॉइंटवर खोली बघा. पॉइंटवर घेतलेली खोली बऱ्याच वेळा ठरलेल्या मुदतीपर्यंत रद्द करता येते आणि पॉइंट परत येतात. बुक करताना ती अट तेवढी वाचा.

मॅरियटमध्ये अजून एक सोय आहे. सलग पाच रात्री पॉइंटवर घेतल्या तर चारच रात्रींचे पॉइंट लागतात. लांबच्या प्रदर्शनाला हे नेमकं बसतं.

दुसरं काम : जीएसटी धरून हिशोब करा

हा भाग नीट वाचा, कारण नोकरदार माणसाचा आणि आपला हिशोब इथं वेगळा होतो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, पण त्याचं इनपुट क्रेडिट मिळत नाही. ७,५०० च्या वर १८ टक्के आहे, आणि तिथं क्रेडिट मिळतं. म्हणजे वरच्या उदाहरणातली ११,००० ची खोली तुम्ही धंद्याच्या कामासाठी घेतली, बिलावर फर्मचा जीएसटी नंबर टाकला, तर १,९८० रुपये क्रेडिटमध्ये परत येतात. तुमचं खरं भाडं ११,००० च. मग पॉइंटची किंमत साडेशहाऐंशी नाही, साधारण ७३ पैसे. तरीही चांगली, पण आकडा खरा हवा.

आता हीच खोली दिल्लीत घेतली तर? हॉटेलच्या खोलीचा जीएसटी जिथं हॉटेल आहे त्या राज्याचा लागतो. तुमची नोंदणी फक्त महाराष्ट्राची. दिल्लीच्या बिलाचं क्रेडिट तुम्हाला घेता येत नाही. तिथं तो १८ टक्के टॅक्स खिशातूनच जातो. कंपोझिशन स्कीममध्ये असाल तर क्रेडिट कुठंच नाही.

यातून सोपा नियम निघतो. राज्याबाहेरची महागडी रात्र, ही पॉइंट वापरायची सगळ्यात चांगली जागा. तिथं भाडंही वाचतं आणि परत न मिळणारा टॅक्सही वाचतो.

एक बाजू अजून. रोख दिलेलं भाडं धंद्याचा खर्च म्हणून वहीत येतं, पॉइंटवरची खोली येत नाही. नफ्यावर चांगला टॅक्स भरत असाल तर आपल्या सीएला विचारा, कामाची रात्र रोख आणि घरची सहल पॉइंटवर, हे परवडतंय का.

तिसरं काम : पॉइंटसाठी पैसे घालवू नका

पुण्याचं काम संध्याकाळी सहाला आटोपलं. नगर १२० किलोमीटरच्या आसपास. एसटीत बसलात तर रात्रीच्या जेवणाला घरी. पण "एक रात्र थांबलो तर पॉइंट मिळतील" म्हणून थांबलात तर काय होतं? मॅरियटच्या बहुतेक हॉटेलांत एका डॉलरला १० पॉइंट मिळतात, तेही टॅक्स सोडून. डॉलर ९० रुपये धरा. ५,४०० च्या खोलीवर ६०० पॉइंट. पन्नास पैशांनी ३०० रुपये. तीनशे कमवायला साडेपाच हजार घालवले!

दुसरीकडं, मुक्काम खरंच लागणार असेल आणि बाहेरच्या ॲपवर तीच खोली ७०० रुपयांनी स्वस्त असेल, तर ॲपवरच घ्या. ३०० च्या पॉइंटसाठी ७०० सोडणं ही हौस झाली.

आणि पाच कंपन्यांत थोडे थोडे पॉइंट साठवू नका. आपला रस्ता बघा. पुण्यात शिरतानाच नगर रोडला विमाननगरच्या पट्ट्यात नोव्होटेल, हयात रिजन्सी, फोर पॉइंट्स अशी तीन वेगवेगळ्या कंपन्यांची हॉटेलं आहेत. चाकणला मॅरियटचं कोर्टयार्ड, गोरेगावला मॅरियटचंच वेस्टिन. नाशिकला जिंजर. तुमची गिऱ्हाइकं जिकडं, तिकडं ज्या एका कंपनीची तुमच्या बजेटमधली हॉटेलं जास्त, तीच धरा. तुमचं बजेट दीड हजारांच्या लॉजचं असेल तर लॉजवरच राहा. धंदा उभा राहतोय तोवर तेच शहाणपण.

स्टॉलसाठी माणसं सोबत नेत असाल तर मॅरियटमध्ये एका मेंबरला तीन खोल्यांपर्यंतचे पॉइंट मिळतात. अट एवढीच की एका खोलीत तुम्ही स्वतः राहायचं आणि बिल तुम्ही भरायचं.

चौथं काम : मुदत लिहून ठेवा

हे मी माझ्या खिशातून शिकलोय. एका हॉटेल कंपनीत माझे ३८,००० पॉइंट होते. "मुलीच्या सुट्टीत वापरू" म्हणत राहिलो. मध्ये दोन वर्षं सगळं प्रशिक्षण ऑनलाइन झालं, प्रवास बंद. एक दिवस ॲप उघडलं तर शून्य. कस्टमर केअरवाल्या ताई गोड बोलल्या, पण पॉइंट आले नाहीत. चूक माझीच, नियम मी वाचला नव्हता.

मॅरियट, हिल्टन आणि हयातमध्ये २४ महिने काहीच हालचाल नसेल तर पॉइंट जातात. आयएचजीत साध्या मेंबरला १२ महिने. ॲकॉरमध्ये ३६५ दिवस. जीएसटी रिटर्नच्या तारखा जशा मोबाइलमध्ये लावता, तशीच ही तारीख लावा, दोन महिने आधीची.

क्रेडिट कार्डाचंही इथंच सांगतो. २०२३ मध्ये एचडीएफसी बँकेनं मॅरियटसोबत कार्ड आणलं, इतर कार्डांचे पॉइंटही हॉटेलकडं वळवता येतात. बिल दर महिन्याला पूर्ण भरणाऱ्याला यात फायदा आहे. पण बाकी ठेवली की महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज. एका महिन्याचं व्याज वर्षभराचे पॉइंट खाऊन टाकतं.

पाचवं काम : पॉइंट कुणाचे, ते आधी ठरवा

आता आपल्या साडूंकडं येऊ. पॉइंट नेहमी माणसाच्या नावावर जमा होतात, फर्मच्या नाही. हॉटेलच्या नियमानं ते थोरल्याचेच होते. भागीदारीच्या नात्यानं दोघांचे. दोन्ही बाजू खऱ्या, म्हणून भांडण लांबलं.

शेवटी दोघांनी एका कागदावर तीन ओळी लिहिल्या. फर्मच्या पैशानं आलेले पॉइंट आधी फर्मच्या कामाला. मार्चअखेर किती शिल्लक, ते वहीत लिहायचं. त्यातल्या अर्ध्यावर फिरणाऱ्याचा हक्क, कारण घरापासून लांब तो राहतो, आणि अर्ध्यात दुसऱ्याच्या कुटुंबाची सहल. पुढच्या वर्षी महाबळेश्वरला धाकटा गेला. खोली थोरल्यानं बुक करून दिली.

तीन ओळी. पहिल्याच वर्षी लिहिल्या असत्या तर दोन महिन्यांचा अबोला वाचला असता. तुमचा भागीदार भाऊ असो, मेहुणा असो की मित्र, आधी लिहा.

आणि तुम्ही स्वतः हॉटेलवाले असाल तर?

शिर्डीत, भंडारदऱ्यात लॉज किंवा होमस्टे चालवणारे बरेच जण मला ऐकतात. तुम्हाला ॲपची गरज नाही, एक वही पुरे. थेट फोन करून येणाऱ्या जुन्या गिऱ्हाईकाचं नाव, नंबर आणि रात्री लिहा. कमिशन वाचलं, त्यातून पाच मुक्कामांनंतर एक रात्र मोफत द्या. फक्त ती रात्र तुमच्या रिकाम्या दिवसाची ठेवा. शिर्डीत गुरुवार, शनिवार-रविवार, रामनवमी, गुरुपौर्णिमा सोडून. मंगळवारी रिकामी राहणारी खोली दिली तर तुमचा खर्च चादर, पाणी आणि साबणाचा. मिळतं काय, तर दरवर्षी तुम्हालाच फोन करणारं कुटुंब. मोठ्या साखळ्या हेच करतात, फक्त त्यांची वही मोठी आहे.

या आठवड्याचं काम

आज रात्री अर्धा तास काढा. मोबाइलमधली हॉटेलची आणि कार्डांची सगळी ॲप उघडा. वहीच्या एका पानावर चार रकाने आखा : कंपनी, शिल्लक पॉइंट, मुदतीची तारीख, एका पॉइंटची किंमत. शेवटी बेरीज रुपयांत करा.

बेरीज पाचशे निघाली तर विषय सोडून द्या आणि धंद्याकडं लक्ष द्या. वीस हजार निघाली तर पुढच्या प्रदर्शनाच्या मुक्कामाचा प्रश्न सुटला. आणि भागीदार असेल तर ते पान उद्या सकाळी चहाला त्याच्यासमोर ठेवा. त्याला ते दुसऱ्या कुणाच्या स्टेटसवरून कळायला नको.