नवी किडनी, तेच इन्फेक्शन

किडनी बदलली म्हणजे जुनी काढून तिच्या जागी नवी बसवली, असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात जुन्या दोन्ही किडन्या सहसा आहेत तिथेच राहतात. नवी किडनी ओटीपोटात, बहुधा उजव्या बाजूला बसवतात. पायाकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांना तिच्या रक्तवाहिन्या जोडतात आणि तिची मूत्रवाहिनी मूत्राशयाला नव्याने भोक पाडून शिवतात. प्रत्यारोपणानंतर पुन्हा पुन्हा होणाऱ्या लघवीच्या इन्फेक्शनची सुरुवात पुष्कळदा या शेवटच्या जोडापाशी होते.

जन्मजात मूत्रवाहिनी मूत्राशयाच्या भिंतीतून तिरकी आत शिरते. मूत्राशय भरलं की भिंत ताणली जाते आणि तो तिरका तुकडा पायाखाली आलेल्या रबरी नळीसारखा दबतो. लघवी उलटी वर चढत नाही. सर्जन नव्या जोडावरही स्नायूचा थर ओढून अशीच झडप करतात, पण ती मूळच्या इतकी भरवशाची नसते. त्यात नवी मूत्रवाहिनी आखूड, म्हणजे जंतूंना चढायचं अंतरही कमी. जोड भरून येईपर्यंत आत डीजे स्टेंट नावाची बारीक नळी असते. ती काही आठवड्यांनी दुर्बिणीतून काढतात. तोवर जंतूंना चिकटून राहायला आयती जागा मिळते.

खुद्द मूत्राशयाची अवस्थाही पाहायला हवी. वर्षानुवर्षं डायलिसिसवर असलेल्या अनेकांना लघवी जवळजवळ होतच नाही. वापर थांबलेलं मूत्राशय आकसतं. एखाद्या पुरुषाची प्रोस्टेट याच काळात वाढलेली असते, पण लघवीच नसल्यामुळे अडथळा कुणाच्या लक्षात येत नाही. नवी किडनी धो धो काम करायला लागली की तो उघडा पडतो. मधुमेहाने किडनी गेलेल्यांचं दुखणं वेगळं: मूत्राशयाच्या नसा दुबळ्या, त्यामुळे लघवी झाल्यासारखी वाटते, पण थोडी आत उरते. उरलेल्या लघवीत जंतू निवांत वाढतात.

हे जंतू बहुतेक वेळा रुग्णाच्या स्वतःच्याच आतड्यातले असतात. सगळ्यांत जास्त वेळा सापडतो तो ई. कोलाय, क्लेबसिएला, एन्टरोकॉकस ही मंडळीही असतात. बायकांचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा, त्यामुळे त्यांना त्रास अधिक. ई. कोलायच्या अंगावर केसांसारखे बारीक तंतू असतात. त्यांच्या टोकांनी तो मूत्राशयाच्या पेशींवरची साखर घट्ट पकडतो. अमेरिकेत सेंट लुईस इथल्या संशोधकांनी 2003 मध्ये उंदरांच्या मूत्राशयात पाहिलं, की तो नुसता चिकटून थांबत नाही. पेशींच्या आत शिरून गठ्ठ्याने वसाहत करतो. पुढे अशा वसाहतींच्या खुणा इन्फेक्शन झालेल्या स्त्रियांच्या लघवीतही मिळाल्या. पेशीच्या आत बसलेल्या जंतूपर्यंत अनेक अँटिबायोटिक नीट पोचत नाहीत. कोर्स संपतो, रिपोर्ट स्वच्छ येतो आणि महिन्याभरात तेच सुरू होतं, यामागचं एक कारण हे असू शकतं.

आता औषधं. नवी किडनी शरीराने परकी मानून नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफिनोलेट आणि स्टेरॉइड अशी औषधं बहुधा चालू असतात. ती प्रतिकारशक्तीला आवरतात, म्हणजे जंतूंविरुद्धचा पहाराही सैल करतात. स्टेरॉइडमुळे ताप दबू शकतो. नव्या किडनीच्या नसा शस्त्रक्रियेत तुटलेल्या असतात, त्यामुळे किडनीच्या इन्फेक्शनमध्ये येणारी ती ओळखीची कुशीतली कळही नसते. फार तर ओटीपोटात जड वाटतं, हात लावला तर दुखतं. कधी तर पहिली खूण म्हणजे वाढलेलं क्रिएटिनिन. म्हणून प्रत्यारोपण झालेल्या माणसाने थोड्याशा तापालाही ‘व्हायरल असेल’ म्हणून दोन दिवस थांबणं मला धोक्याचं वाटतं.

इथे उलट बाजूची चूकही तितकीच सर्रास होते. लक्षण काही नाही, पण युरिन कल्चरमध्ये जंतू निघाले, की घरातले घाबरतात आणि गोळ्या सुरू होतात. रिपोर्टवरच्या ‘एक लाखाहून अधिक’ या आकड्याचं मूळ 1956 मधल्या बोस्टनच्या एडवर्ड कास यांच्या कामात आहे. एका मिलिलिटरमध्ये लाखभर जंतू असतील तर ते नमुना घेताना बाहेरून मिसळले नसावेत, हे ओळखण्यासाठी तो उपयोगी पडतो. आजार आहे की नाही, हे तो सांगत नाही. बेल्जियम आणि फ्रान्समध्ये सुमारे दोनशे प्रत्यारोपित रुग्णांवर चाचणी झाली. ती 2021 मध्ये प्रसिद्ध झाली. या सर्वांच्या लघवीत जंतू होते, त्रास नव्हता आणि प्रत्यारोपणाला दोन महिने उलटून गेले होते. काहींना अँटिबायोटिक दिलं, काहींना नाही. पुढच्या वर्षभरात त्रासदायक इन्फेक्शनच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. औषध घेतलेल्यांमध्ये मात्र औषधांना न जुमानणारे जंतू जास्त आढळले. आपल्याकडे अशा जंतूंची आधीच रेलचेल आहे, त्यामुळे हा निष्कर्ष आपल्यासाठी अधिकच महत्त्वाचा.

सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा इन्फेक्शन झालं तर ते ‘वारंवार’ होणारं इन्फेक्शन धरतात. अशा वेळी फक्त पुढचं अँटिबायोटिक लिहिणं हा अर्धा उपचार. लघवी करून झाल्यावर मूत्राशयात किती उरते, हे सोनोग्राफीत मोजता येतं. लघवी नव्या किडनीकडे उलटी चढते का, हे मूत्राशयात डाय भरून एक्स-रेवर दिसतं. स्टेंट काढायचा राहून तर गेला नाही ना? मुतखडा, वाढलेली प्रोस्टेट, गाठींनी भरलेल्या जुन्या किडनीत लपलेला जंतू हेही तपासावं लागतं. पाळी गेलेल्या स्त्रियांना योनिमार्गात लावायच्या इस्ट्रोजेन क्रीमने फायदा होऊ शकतो. क्रॅनबेरीच्या महागड्या गोळ्यांवर मात्र मी फार भिस्त ठेवणार नाही.

आणि मेडिकलमधून परस्पर गोळी आणू नका. क्लॅरिथ्रोमायसिनसारखं नेहमीचं अँटिबायोटिक टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी इतकी चढवू शकतं की नव्या किडनीलाच इजा होईल. रिफॅम्पिसिन ती इतकी उतरवतं की शरीर किडनी नाकारू लागेल. पुष्कळ पेनकिलरही किडनीला मारक. गावातल्या डॉक्टरांकडे गेलात तरी प्रत्यारोपण झाल्याचं आधी सांगा, पहिली गोळी घेण्यापूर्वी कल्चरचा नमुना द्या, आणि आपल्या प्रत्यारोपण केंद्राला फोन केल्याशिवाय ती घेऊ नका.